लाकूड आणि सरपण

लाकूड आणि सरपण हे दोन शब्द मराठी माणूस सहसा एकमेकांच्या जागी वापरत नाही. लाकडाचा वासा होतो, नांगर होतो, होडी होते. सरपणाची मोळी होते आणि मग राख होते. एकाच झाडाचा बुंधा लाकूड असतो आणि त्याच्या वाळक्या फांद्या सरपण असतात. घरोघरी चूल होती तोवर हा भेद कोणाला समजावून सांगावा लागत नव्हता. पण ज्या कायद्याच्या अमलाखाली आपली जंगले दीडशे वर्षे आहेत, त्याने तो मानला नाही. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातली इमारती लाकडाची व्याख्या पाहावी. पडलेले किंवा पाडलेले झाड आणि सर्व प्रकारचे लाकूड, मग ते तासलेले असो वा नसो, या एकाच व्याख्येत बसवले आहे. म्हणजे सागाचा ओंडका आणि म्हातारीने वेचलेली काटकी यांची जात कायद्याच्या लेखी एकच. ही व्याख्या १८७८ च्या कायद्यापासून चालत आली आहे.

जंगलाच्या इतिहासावर मराठीत बरेच लिहिले गेले आहे, पण ते बहुधा सागवानाच्या, शिकारीच्या किंवा सत्याग्रहाच्या अंगाने. सरपणाच्या अंगाने फारसे लिहिलेले माझ्या वाचनात आले नाही. गेली काही वर्षे उत्तर कोकणात, म्हणजे जुन्या ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत, मी या विषयाच्या मागे आहे. कागदपत्रांबरोबरच ज्यांनी आयुष्यभर मोळ्या वाहिल्या अशा बायकांकडूनही पुष्कळ शिकायला मिळाले. आधी ते ज्ञान काय होते हे पाहू आणि मग त्याचे काय झाले याकडे वळू.

झाडाची पारख

सरपणाची पहिली पारख झाडाच्या नावाने होत नाही, ओलाव्याने होते. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकते. ते चुलीत घातले तर आधी पाणी उकळून वाफ होण्यातच उष्णता खर्च होते. धूर होतो आणि भाकरी राहते कच्ची. म्हणून वाळलेले लाकूड ओळखण्याच्या खुणा पक्क्या ठरलेल्या आहेत. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की वाळलेले खणखणते, ओले बद्द वाजते. कापलेल्या टोकाला मधून बाहेर जाणाऱ्या बारीक चिरा पडलेल्या असतात. साल सैल होऊन नखाने सुटते. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलके लागते.

दुसरी पारख जातीची. खैर, धावडा, ऐन, किंजळ, बाभूळ, हिवर ही भारी सरपणे. यांचा निखारा टिकतो. धावड्याचे लाकूड चिवट असल्याने कुऱ्हाडीच्या दांड्यालाही तेच लागते. ऐनाची साल जाड, मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते, त्यामुळे पाने नसली तरी झाड दुरून कळते. खानदेशात अंजनाला तोड नाही. त्याचा गाभा इतका घट्ट की पाण्यात बुडतो. याउलट पांगारा, काटेसावर, शेवगा, मोई ही पोकळ, हलकी लाकडे. भुरकन पेटतात आणि तितक्याच लवकर विझतात. टेंभुर्णीचे लाकूड तडतडते आणि ठिणग्या उडवते, म्हणून ते लहान मूल निजलेल्या घरात नको. बिब्ब्याला तर कोणी हातच लावत नाही. त्याच्या चिकाने अंगावर फोड येतात आणि धूरही बाधतो.

वड, पिंपळ, उंबर, बेल ही झाडे चुलीत घालायची नाहीत, हा संकेत सर्वत्र आढळतो. यातले पिंपळ आणि उंबर हवनात मात्र चालतात. नवग्रहांच्या समिधांत पिंपळ गुरूचा, उंबर शुक्राचा, खैर मंगळाचा, शमी शनीची आणि पळस चंद्राचा. म्हणजे जाळण्याला बंदी नव्हती, पोटासाठी जाळण्याला होती. वड, पिंपळ आणि उंबर ही चिकाची झाडे. त्यांचे सरपण तसेही हलक्या प्रतीचे. शिवाय त्यांची सावली, फळे आणि पाखरे गावाच्या उपयोगाची. श्रद्धा आणि सोय एकाच दिशेला होत्या, म्हणूनच संकेत टिकला असावा असे मला वाटते.

आता थोडा हिशेब. पूर्ण वाळलेले कोणतेही लाकूड घेतले तरी एका किलोमागे मिळणारी उष्णता जवळपास सारखीच असते, साधारण साडेचार हजार किलोकॅलरी. खैर आणि पांगारा यांतला फरक वजनामागे नसून आकारमानामागे आहे. घनमीटरभर सुका खैर जवळजवळ टनभर भरतो, पांगारा त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. त्यामुळे कोण कोणत्या मापाने घेतो यावर पारख बदलते. वनखाते जळाऊ लाकूड रचून मोजते, तिथे जातीला किंमत. वखारवाला तोलून विकतो, तिथे ओलाव्याला किंमत. लबाड वखारवाले गिऱ्हाइकाला पाणीच विकत, अशी तक्रार जुन्या शहरी माणसांकडून आजही ऐकू येते. डोक्यावर वाहणाऱ्या बाईला दोन्ही हिशेब करावे लागत. मान तुटेल इतकेच वजन घेता येते, म्हणून ओले नको. चुलीपुढे सारखे बसून राहायला वेळ नाही, म्हणून पोकळ नको.

तोडणे आणि जाळणे

कोकणात सरपणाचा हंगाम भात झोडून झाल्यावर सुरू होई आणि मृग लागायच्या आत संपे. पानगळीच्या दिवसांत झाडात रस कमी असतो आणि पुढे कडक ऊन मिळते. चार महिन्यांच्या पावसाची बेगमी, म्हणजे आगोटीचे सरपण, पडवीत आणि माळ्यावर रचून ठेवायचे. चुलीच्या वर माळा असल्याने धुरानेही ते वाळत राही आणि त्याला सहसा कीड लागत नसे.

हत्यारे दोनच. कमरेच्या आकडीत अडकवलेला कोयता आणि कुऱ्हाड. वाळक्या फांद्यांना कोयता पुरतो. ओंडका फोडायचा तर पाचर आणि घण लागतो. खैर, बाभूळ यांसारखी कठीण लाकडे ओली असतानाच फोडून मग वाळवावीत. वाळल्यावर कुऱ्हाड उसळते. गाठ टाळून टोकाला पडलेल्या चिरेतच घाव घालायचा. मोळी बांधायला आपट्याच्या सालीचा वाख किंवा रानातली एखादी चिवट वेल, आणि डोक्यावर चुंबळ. मोळी साधारण २०-२५ किलोंची. तीही सकाळी रानात जाऊन, दुपारी चार-पाच कोस चालून बाजारात नेलेली.

जाळण्यातही कामाप्रमाणे भेद होता. भाकरीला एकसारखी, पसरट ज्योत लागते. त्यासाठी कोकण-घाटमाथ्यावर कारवीच्या काठ्या, देशावर पऱ्हाट्या आणि तुराट्या. भात शिजवायला मध्यम फाटी आणि वैलावर ठेवायला मागचा निखारा. दूध आटवायला गोवरी. आंघोळीच्या बंबाला बोटभर लांबीचे तुकडे. पुण्याच्या वखारीत त्याला बंबफोड असा खास शब्दच होता. लोहाराच्या भात्यापुढे मात्र लाकूड चालत नाही, तिथे कोळसाच लागतो. प्रेताला मात्र तीन-चारशे किलो लाकूड, तेही सावकाश आणि खोल जळणारे. आंबा त्यासाठी बहुतेक ठिकाणी चालत आला आहे.

देशावरच्या उघड्या मुलखात गोवरी हेच मुख्य जळण का झाले, हे यावरून कळते. तिथे झाड जाळणे परवडत नव्हते. शेण जाळले की शेताचे खत जाते, हे शेतकऱ्याला ठाऊक नव्हते असे नाही. पण शेजारी रान नव्हते किंवा असलेल्या रानात जाता येत नव्हते.

फाटे विकत घ्यावेत

सरपणावरून रयत नाडली जाते ही गोष्ट राज्यकर्त्यांना फार पूर्वीपासून माहीत होती. शिवाजी महाराजांनी १६७० च्या दशकात चिपळूणजवळच्या छावणीतील लष्कराला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत जपून वापरा, आगीची काळजी घ्या, रयतेला उपद्रव देऊ नका, असा त्याचा आशय. त्यात सैनिकांनी बाजारातून रीतसर विकत घ्यायच्या वस्तूंमध्ये गवत आणि भाजीपाल्याबरोबर 'फाटे' म्हणजे सरपणही आहे. या एका शब्दाचे मोल मोठे आहे. छावणीच्या हजारो चुलींना लागणारे सरपण शेतकऱ्याच्या कुंपणातून, परसातून किंवा छपरातून उपटले जाऊ शकते, हे लिहिणाऱ्याला माहीत आहे.

त्यानंतर १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी सूचना आहेत. आंबा, फणस यांसारखी झाडे आरमाराच्या उपयोगाची असली तरी त्यांना हात लावू नये. ती एक-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात. झाड जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन मगच तोडावे. झाड कोणाचे, हा प्रश्न येथे रयतेच्या बाजूने सोडवलेला दिसतो. या व्यवस्थेत सगळे आलबेल होते असे नाही. वेठ होती, जुलूमही होता. पण रानातली वाळकी काटकी ही सरकारची मालमत्ता आहे असे कोणी म्हणत नव्हते.

हक्काची सवलत झाली

हे म्हणणे इंग्रजी अमलात आले. १८६५ चा पहिला वन कायदा मोघम होता. १८७८ च्या कायद्याने जंगलांची राखीव आणि संरक्षित अशी वर्गवारी केली. संरक्षित जंगलात जे मना केलेले नाही ते करता येई. राखीव जंगलात जे स्पष्टपणे दिलेले नाही ते सारे मना. मोळी पुढेही मिळत राहिली, पण सवलत म्हणून. हक्क मागता येतो, सवलत काढून घेता येते. सरपणाच्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल हा आहे आणि तो लाकडात नसून एका शब्दात झाला.

उत्तर कोकणात याचा फटका दुहेरी बसला. इथल्या भातशेतीला राब लागतो. झाडांच्या फांद्या, पाला, शेण आणि माती यांचे थर रोपाच्या जागेवर रचून पावसाआधी जाळायचे, म्हणजे तण मरते, राखेचे खत होते आणि रोप तरारते. यासाठी शेतकऱ्याच्या भातखाचरांना जोडून वरकस जमीन असे. त्या वरकसावरची झाडे कोणाची, यावर वाद पेटला. सागवान, शिसव आणि चंदन ही झाडे तर सरकारी मानली जातच होती. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून इतक्या तक्रारी गेल्या की १८८५ मध्ये सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. चुलीचे आणि राबाचे लाकूड हा राज्यकारभाराचा प्रश्न झाला होता.

त्याच सुमारास, १८८३ मध्ये, जोतीराव फुले 'शेतकऱ्याचा असूड' लिहीत होते. जमीन थोडी असलेला शेतकरी पूर्वी आसपासच्या रानातली फळे, पाने, फुले आणि लाकूडफाटा यांवर आपली गुजराण कशी करी आणि जंगल खात्याने ती वाट कशी बंद केली, हे त्यांनी त्यात मांडले आहे. सरपण ही चुलीची गरज तर होतीच, पण दुष्काळात गरिबाची शेवटची मिळकतही होती, हे त्यांनी अचूक हेरले होते.

मुंबईची भूक

ही अडवणूक होत असताना जंगल मात्र राहत नव्हते, कारण शेजारी मुंबई वाढत होती. लाखो चुली, बेकऱ्या, हमाम, लोहारशाळा आणि स्मशाने. कल्याण, भिवंडी, वसई, पनवेल, पेण, नागोठणे, रोहे या खाडीकाठच्या बंदरांतून पडाव आणि मचवे लाकूड आणि कोळसा घेऊन निघत. दारूखान्याजवळ लकडी बंदर हे नाव आजही आहे. मुंबईची खंडी २० मणांची आणि मण २८ पौंडांचा, म्हणजे खंडी साधारण २५४ किलोंची. गावात मोळी हे माप होते. ते एका माणसाच्या डोक्याचे माप. शहरात खंडी, आणि ती कोणाच्याच डोक्याची नव्हे.

शहराला लाकडापेक्षा कोळसा सोयीचा. वाहतुकीला हलका, आणि चाळीतल्या शेगडीत धूर नाही. पण मातीच्या भट्टीत पाच-सहा किलो लाकूड जाळावे तेव्हा किलोभर कोळसा मिळतो. सारख्या लांबीचे तुकडे रचून, वर पाला आणि माती लिंपून, आत विस्तव सोडायचा. आधी दाट पांढरा धूर येतो, ती लाकडातली वाफ. तो विरळ आणि निळसर झाला की कोळसा तयार. मग भोके बुजवून भट्टी थंड होऊ द्यायची. मधे कुठे माती खचली आणि हवा शिरली तर सारी राख. म्हणून रात्रंदिवस राखण. शहराच्या घरातला धूर असा जंगलात ठेवला गेला आणि तो ज्यांच्या डोळ्यांत गेला ते बहुतांशी कातकरी होते.

कातकरी हे नावच कातावरून आले. खैराचा गाभा तासून, उकळून, आटवून कात काढणे हा त्यांचा धंदा. राखीव जंगलांत खैर तोडणे बंद झाले आणि वन कायद्याच्या व्याख्येत कात आणि कोळसा ही दोन्ही नावे घालून वनोपज ठरली. मग ती कुठूनही आलेली असोत. स्वतःच्या कसबाचा मालक असलेला समाज दुसऱ्याच्या भट्टीवर मजूर झाला. मोळीविक्री आणि कोळसा हीच त्याची ओळख बनली आणि पुढे त्यालाच जंगल तोडणारा म्हटले गेले. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा कोळशाच्या वायूवर मोटारी धावल्या. तो कोळसाही याच हातांनी पाडलेला.

कोयता घेऊन सत्याग्रह

१९३० च्या सविनय कायदेभंगात महाराष्ट्रात मीठ आणि जंगल असे दोन सत्याग्रह झाले. जिथे समुद्र नाही तिथे गवत आणि लाकूड. १० जुलै १९३० रोजी पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी जंगलात गवत कापून कायदा मोडला. बागलाण, संगमनेर, बिळाशी अशी ठिकाणे पुढे आली. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, उरणजवळच्या चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी अक्कादेवीच्या डोंगरावर लोक झाडे तोडायला जमले असताना गोळीबार झाला आणि गावकरी मारले गेले. मिठाच्या सत्याग्रहात लोकांनी चिमूटभर मीठ उचलले, तसे इथे कोयता उचलला. पण मीठ हे बहुतेकांसाठी प्रतीक होते. रानात गेलेल्यांसाठी गवत आणि फाटे ही रोजची गरज होती. म्हणूनच नेत्यांनी न सांगताही लोक रानात जात राहिले.

स्वातंत्र्यानंतर कूप कंत्राटदारांच्या जागी जंगल कामगारांच्या सहकारी संस्था उभ्या राहिल्या. बाळासाहेब खेरांच्या पुढाकाराने १९४७ मध्ये मुंबई राज्यात त्यांची सुरुवात झाली. मजुरी सुधारली, पण वन कायद्याची व्याख्या तीच राहिली. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाने खासगी जमिनीवरच्याही काही झाडांना परवानगीचे बंधन घातले. त्यात आंबा, फणस, खैर, ऐन, किंजळ आहेत. आज्ञापत्रातला आंबा-फणस अडीचशे वर्षांनी पुन्हा भेटतो. फरक इतकाच की तिथे धन्याला राजी करायचे सरकारने होते, इथे सरकारला राजी करायचे धन्याने.

व्याख्या बदलायला २००६ साल उजाडावे लागले. वनहक्क कायद्याने गौण वनोपजात झाडोरा आणि खुंट यांचा स्पष्ट उल्लेख केला आणि ते इमारती लाकडाहून वेगळे मानले. लाकूड आणि सरपण हा भेद मराठी भाषेत होताच. तो कायद्यात यायला १८७८ पासून १२८ वर्षे लागली.

आज उरलेले प्रश्न

दरम्यान चूलच बदलली. १९५५ मध्ये मुंबईत घरगुती गॅस आला, २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली. धुराने डोळे आणि छाती गमावलेल्या बायकांना विचारले तर चूल गेल्याचे दुःख कोणालाच नाही, आणि ते असावे असे मलाही वाटत नाही. पण सिलिंडर संपल्यावर पुन्हा भरायला पैसे नसतात, म्हणून गॅसच्या शेजारी चूल अजून आहे. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. शहराच्या हवेसाठी ते योग्यच आहे. कोळसा मात्र संपलेला नाही. आजही पावसाळा संपला की कातकरी कुटुंबे उचल घेऊन परजिल्ह्यांत आणि परराज्यांत भट्ट्यांवर जातात. खैराची जागा वेड्या बाभळीने घेतली आहे, एवढाच बदल.

मला सतावणारी गोष्ट पारखीची आहे. वनहक्क मिळालेल्या गावांना आता आपल्या जंगलाचे व्यवस्थापन स्वतः करायचे आहे. कोणते झाड खुंटापासून पुन्हा फुटते, कोणत्या फांद्या छाटल्या तर झाड टिकते, कोणते लाकूड कुजू द्यावे आणि कोणते आणावे, हे आराखड्यात लिहावे लागते. हे सारे ज्यांना माहीत आहे त्या बायका आज सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांची नावे ग्रामसभेच्या उपस्थितीत असतात, आराखड्याच्या लेखकांत नसतात. त्यांच्या मोळीला ज्या कायद्याने गुन्हा ठरवले त्यानेच त्यांच्या ज्ञानालाही काही किंमत नाही असे ठरवून टाकले होते. मोळीवरचा गुन्हा आता पुसला गेला आहे. दुसरी चूक दुरुस्त करायला नवा कायदा लागत नाही. वही आणि पेन घेऊन त्यांच्यासोबत एकदा रानात जावे लागते. ते याच हिवाळ्यात करता येईल.